पडून राहिलेला कॅमेरा

2 सप्टेंबर

आत्याने सांगलीहून पाठवलेला कॅमेरा आज नीट तपासला. झाईस इकॉनचा नेटार, 518/16. या आकड्यातल्या 16 चा अर्थ निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची. त्याच घराण्यातल्या ज्या कॅमेऱ्यांच्या आकड्याशेवटी 2 असतो, त्यांवर सहा बाय नऊची निगेटिव्ह निघते. झाईस इकॉन ही कंपनी 1926 साली चार जर्मन कंपन्या एकत्र येऊन ड्रेस्डेनला उभी राहिली. युद्धानंतर जर्मनी दुभंगली आणि पश्चिमेकडचा कारभार स्टुटगार्टहून चालू झाला. हा कॅमेरा तिथला, 1950 च्या दशकातला. आत्या विलिंग्डन कॉलेजात जायला लागली तेव्हा आजोबांनी मुंबईत फोर्टमध्ये जुनाच विकत घेतलेला.

लेन्स नोव्हार, 75 मिलिमीटर, एफ 4.5. शटर प्रोंटॉर-एसव्ही, एका सेकंदापासून सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत.

तपासणीत आढळलेलं:

अंतराची कडी: जाम. दहा फुटांच्या खुणेवर अडकलेली.
शटर: 1/100 ला उघडझाप होते. 1/25 च्या खाली उघडतं आणि तसंच उघडं राहतं.
लेन्स: आत धुरकटपणा, कडेला बुरशीचे धागे.
भाता: घड्यांचे कोपरे घासल्यासारखे. अंधारात तपासायचा.
बिजागरी, खटका, फिल्म गुंडाळायचा खुंटा, मागचं दार: उत्तम.

कुठे आपटल्याची खूण नाही, काही वाकलेलं नाही, एकही स्क्रू गहाळ नाही. फोनवर आत्या म्हणाली, “अगं, किती जपून ठेवला होता मी तो!” खरंच होता. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, केस मखमली पिशवीत, पिशवी लोखंडी कपाटात आणि शेजारी डांबरगोळ्या. शेवटचा रोल कधी घातला ते मात्र तिला आठवत नाही.

4 सप्टेंबर

हत्यारांची जमवाजमव. घड्याळजी वापरतात तसे बारीक पेचकस, कारण हे स्क्रू सपाट खाचेचे आहेत आणि खाच अरुंद आहे. पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर खाच फाटते. दोन चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, व्हर्निअर कॅलिपर. लेन्सभोवतीच्या कड्या फिरवायला रबरी बूच; धातूचं हत्यार लावलं की घसरून काचेवर ओरखडा उठायची भीती असते. सगळं काम परातीत जुना पांढरा पंचा अंथरून करायचं. सुटलेला स्क्रू परातीच्या काठाला अडतो, जमिनीवर जात नाही. निघालेले भाग ओळीने ठेवायला बर्फाचा ट्रे. पहिला निघालेला पहिल्या खणात, शेवटचा शेवटच्या. जोडताना उलट्या दिशेने यायचं. प्रत्येक टप्प्याचा फोनवर फोटो.

आजच एक नियम वहीत लिहून ठेवते: जोर लावायचा नाही. या कॅमेऱ्यात जे हलत नाही ते वाळलेल्या वंगणामुळे हलत नाही. त्याला विरघळायला वेळ द्यायचा.

8 सप्टेंबर

रात्री सगळे दिवे घालवले, खिडक्यांना चादरी लावल्या आणि मागचं दार उघडून भात्याच्या आत छोटा एलईडी ठेवला. भाता पूर्ण ताणून चारही बाजूंनी पाहिला. अंधाराला डोळे सरावेपर्यंत काहीच दिसलं नाही. मग पुढच्या चौकटीजवळच्या दोन कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके चमकले. जिथे दोन घड्या एकमेकींना भेटतात, नेमके तिथेच.

घडीच्या कॅमेऱ्याचं सगळं मोठेपण या भात्यात आहे. लेन्स आणि फिल्म यांच्यात साडेसात सेंटिमीटर अंतर हवं, मधली जागा पूर्ण काळोखी हवी आणि काम झालं की तीच जागा नाहीशी होऊन कॅमेरा कोटाच्या खिशात मावायला हवा. 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचं क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर. याची चौकट प्रत्यक्षात 56 बाय 56 मिलिमीटर, म्हणजे 3136 चौरस मिलिमीटर, साडेतीन पटींहून जास्त. एवढी मोठी निगेटिव्ह, तीही खिशात बाळगायची, ही सोय भात्याने दिली.

पण घडी पडून राहिली तर तिचा कोपरा सुकतो. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दबलेलं आवरण ताठरतं आणि पुढे कधीतरी उघडताना तिथेच तडकतं. पेटीचा भातासुद्धा रोज वाजणाऱ्या पेटीत मऊ राहतो आणि माळ्यावरच्या पेटीत फुटतो.

12 सप्टेंबर

पुढची काच काढायला घेतली. अंतराच्या कडीच्या काठावर तीन बारीक ग्रब स्क्रू आहेत. ते सैल केले की कडी काचेच्या चौकटीवरून सुटते. सोडण्याआधी कडी आणि चौकट यांच्यावर सुईने एकसलग खूण केली. मग रबरी बूच लावून चौकट फिरवायचा प्रयत्न केला, हलली नाही. आट्यांच्या कडेला व्हाइट पेट्रोलचे दोन थेंब सोडले आणि झाकून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा दोन थेंब.

नोव्हार तीन काचांची लेन्स आहे. या रचनेचं मूळ इंग्लंडात, यॉर्कच्या कुक कंपनीत. तिथे डेनिस टेलर यांनी 1893 मध्ये तीन सुट्या काचांची लेन्स आखली: बाहेरच्या दोन बहिर्गोल, मधली अंतर्गोल. तीन काचा आणि मधल्या दोन मोकळ्या जागा एवढ्यावरच त्यांनी प्रतिमेचे सगळे मुख्य दोष ताब्यात आणले. पुढे 1902 मध्ये झाईसच्या पॉल रुडॉल्फ यांची टेसार आली. तिच्यात चार काचा आणि त्यांतल्या मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. टेसार जास्त नेमकी असते, पण जुन्या चिकटवलेल्या काचांमधला डिंक कधी कधी सुटतो आणि ते घरी दुरुस्त करणं कठीण. नोव्हारमध्ये चिकटवलेलं काहीच नाही. तिन्ही काचा वेगळ्या करून पुसता येतात.

13 सप्टेंबर

सकाळी चौकट सुटली. अगदी हलक्या हाताने, जोर न लावता. आटे ज्या बिंदूवर एकमेकांतून सुटले तिथे लगेच दुसरी खूण केली. अशा आट्यांना शिरायच्या जागा एकाहून जास्त असतात. चुकीच्या जागेतून शिरलं तर चौकट फिरते, पण फोकस कधीच जमत नाही.

आट्यांमध्ये जुनं वंगण तपकिरी मेणासारखं घट्ट झालेलं होतं. दातकोरणीला कापूस गुंडाळून प्रत्येक आटा पुसला.

बुरशी पहिल्या दोन काचांच्या आतल्या बाजूंना होती. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समान घेऊन कापसाने हलकेच फिरवलं, मग शुद्ध पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मधून बाहेर गोल फिरवायचं आणि प्रत्येक वेळी नवा कापूस. एका काचेच्या कडेला धाग्याचा पुसट माग राहिला. बुरशी आपल्यासोबत आम्ल सोडते आणि ते काचेला खातं. तो माग पुसून जात नाही. कडेला असल्याने चित्रावर त्याचा परिणाम होणार नाही.

बुरशीला काय लागतं? अंधार, ओल आणि न हलणारी हवा. चामड्याची केस ओल धरून ठेवते, मखमल तिला आणखी झाकते आणि बंद कपाट उरलेलं काम करतं. पुण्याच्या काय, सांगलीच्या काय, प्रत्येक पावसाळ्यात त्या पिशवीत बुरशी वाढायला पुरेसं होतं.

15 सप्टेंबर

आता शटर. पुढच्या तबकडीवर एजीसी अशी अक्षरं आहेत: आल्फ्रेड गाउथियर, काल्मबाख. काल्मबाख हे ब्लॅक फॉरेस्टमधलं गाव. घड्याळांचा तो मुलूख आणि शटरच्या आत पाहिलं की ते लगेच पटतं.

वेगाची कडी काढल्यावर खाली एक वळणावळणाची खाच असलेली पातळ पट्टी दिसते. कडी फिरते तशी ही पट्टी फिरते आणि तिच्या खाचेत अडकलेल्या खुंट्या आत-बाहेर सरकतात. वेग ठरतो तो असा. मुख्य स्प्रिंग शटर उघडते आणि बंद करते, पण बंद होण्याआधी तिला एक दातेरी चाकांची माळ ओढून न्यावी लागते. माळेच्या शेवटी एक छोटा नांगर आहे. तो शेवटच्या चाकाचे दात एकेक करून सोडतो, घड्याळातल्यासारखाच. माळेचा जेवढा भाग ओढावा लागेल तेवढा वेळ शटर उघडं राहतं. मोठ्या वेगांना माळ बाजूला होते आणि स्प्रिंग मोकळी धावते.

त्यामुळे 1/100 ला शटर चालतं आणि 1/25 खाली अडकतं, याचं कारण एकच: माळ फिरत नाही. स्प्रिंग सुस्थितीत आहे, दात शाबूत आहेत, शटरच्या पाकळ्या सरळ आहेत. चाकांच्या आसांवरचं तेल तेवढं सुकून चिकट झालं आहे.

शेवटच्या वेगांखाली एक वेगळी कळ आहे, स्वतःचा फोटो काढण्यासाठी शटर उशिरा सोडणारी. तिला हात लावला नाही. जुन्या शटरमध्ये ही कळ अडकली की बाकीचं सगळं सोबत अडकतं.

16 सप्टेंबर

रविवार पेठेतल्या एका घड्याळजींकडे गेले. वडिलांपासूनचं दुकान. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माळ पाहिली, दातकोरणीच्या टोकाने नांगर हलवला. मी तेलाविषयी विचारलं.

“ताई, यात तेल घालू नका. यात तेल कमी नाहीये, जुनं झालंय. आधी ते काढा. मग आसाच्या टोकाला सुईने एवढंसं लावा. पाकळ्यांना तर अजिबात नको.”

पाकळ्या कोरड्याच चालायला हव्यात. त्या कागदापेक्षाही पातळ असतात, आणि दोन पातळ पात्यांमध्ये तेलाचा थर आला की त्या एकमेकींना धरून ठेवतात. मग स्प्रिंगची सगळी ताकद त्यांना सुटं करण्यातच जाते.

निघताना ते म्हणाले, “माझ्याकडे चालतं घड्याळ क्वचित येतं. येतं ते बंद ठेवलेलं. लोक म्हणतात, काही केलं नाही हो त्याला. तेच तर!”

दोन आठवड्यांत मी परातीत जे जे पाहिलं त्या सगळ्याचं कारण या वाक्यात आहे. या कॅमेऱ्यात वापरून झिजलेला एकही भाग मला सापडलेला नाही. कडी जाम झाली ती न फिरवल्याने. माळ थांबली ती न चालवल्याने. भाता तडकला तो एकाच घडीत पडून राहिल्याने. बुरशी आली ती उजेड न मिळाल्याने. आत्याने वस्तू जपली ती प्रेमानेच, पण यंत्राला जपणं म्हणजे त्याला कामावर ठेवणं.

18 सप्टेंबर

गणपती विसर्जनाची मिरवणूक आटोपली, रस्ते शांत झाले. सकाळचा निवांत वेळ मिळाला.

माळ तीन स्क्रूंवर अख्खी सुटते. तिचे भाग वेगळे करायची गरज नाही. छोट्या काचेच्या बाटलीत व्हाइट पेट्रोल घेऊन त्यात ती बुडवली, झाकण लावून हलवली. पेट्रोल पिवळट झालं. ते बदललं. पिवळेपणा यायचा थांबेपर्यंत बदलत राहिले. खिडकी सताड उघडी आणि गॅस बंद. व्हाइट पेट्रोलची वाफ पटकन पेट घेते, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही.

पाकळ्यांवर कापसाने पेट्रोल लावलं, शटरची उघडझाप केली, टिपकागदाने टिपलं. डाग उमटणं बंद होईपर्यंत तेच.

सुकल्यावर माळेच्या आसांना घड्याळाचं तेल, सुईच्या अग्रावर बसेल एवढं. नांगराला काहीच लावलं नाही. माळ बसवली, पट्टी, कडी. एका सेकंदावर लावून दांडा दाबला.

बारीक, एकसारखी कुरकुर आणि शेवटी स्वच्छ टक. ब्लॅक फॉरेस्टमध्ये कुणीतरी सत्तर वर्षांपूर्वी जुळवून दिलेली चाल जशीच्या तशी परत आली. त्यात मी नवीन काही घातलेलं नाही, सुकलेलं तेवढं काढलं.

24 सप्टेंबर

वेगांची मोजणी. मागचं दार उघडं ठेवून कॅमेऱ्यामागे दिवा लावला आणि पुढून फोनवर सेकंदाला 240 चौकटींचा संथ व्हिडिओ घेतला. मग एकेक चौकट पुढे सरकवत शटर किती चौकटी उघडं दिसतं ते मोजलं. एका सेकंदाला 240 चौकटी यायला हव्यात, 1/5 ला 48, 1/10 ला 24, 1/25 ला साधारण दहा.

संथ वेग थोडे लांबलेले आहेत, दहा टक्क्यांच्या आसपास. कृष्णधवल फिल्म एवढा फरक सहज पोटात घेते. 1/100 आणि 1/300 असे मोजता येत नाहीत, कारण दोन चौकटींमधलं अंतरच सेकंदाचा 240 वा भाग आहे. त्यांचा निकाल फिल्मच देईल.

या कॅमेऱ्यात वरचं बटण एकदा दाबलं की फिल्म पुढे सरकल्याशिवाय पुन्हा दबत नाही. एका चौकटीवर दोन फोटो पडू नयेत म्हणून केलेली सोय. चाचणी घेताना शटरवरचा दांडाच थेट हलवावा लागतो. आणि ताण दिलेलं शटर तसंच ठेवून उठायचं नाही. स्प्रिंगला विसावा हवा.

29 सप्टेंबर

भात्याची डागडुजी. नवा भाता लावणं शक्य आहे. त्यासाठी घड्यांचं आरेखन कागदावर करायचं, बाहेरचं कापड आणि आतलं काळं अस्तर यांच्यामध्ये जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि सगळं एकदम दुमडायचं. पण दोन छिद्रांसाठी मूळ भाता काढून टाकणं मला पटत नाही. बाकीचं आवरण अजून मऊ आहे.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरांकडून पुस्तकाच्या कण्याला लावतात ते पातळ काळं कापड आणलं. त्यांनी कडा तासून द्यायचा सल्ला दिला: “जोड जाड झाला की मॅडम, पुस्तक मिटत नाही.” कॅमेऱ्यालाही तंतोतंत लागू. मिटलेल्या भात्याला आत जागा अगदी मोजकी असते. जाड ठिगळ लावलं तर दार बंद होताना लेन्सच्या चौकटीवर ताण येतो आणि ती हळूहळू तिरकी होते.

छिद्रांवर बाहेरून काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद यांचं पातळ मिश्रण ब्रशने, एक हात, सुकल्यावर दुसरा. आतून कापडाचे नखाएवढे तुकडे. भाता ताणलेलाच ठेवून रात्रभर सुकू दिला. आज सकाळी बाहेरच्या जोडावर शंखजिऱ्याची चिमूटभर पूड चोळली, घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. आतल्या बाजूला पूड अजिबात नाही; ती फिल्मवर बसते.

रात्री पुन्हा एलईडी. काळोख.

6 ऑक्टोबर

आकाश आज धुतल्यासारखं. गच्चीवरून सिंहगड आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा स्पष्ट दिसला. कोथरूडहून सोळा-एक किलोमीटर. याच दिवसाची वाट पाहत होते, कारण लेन्सची ‘अनंत’ ही खूण आता नव्याने ठरवायची होती.

आधी समांतरता. लेन्सची चौकट फिल्मच्या पातळीशी समांतर नसेल तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येते. कॅलिपरने चारही कोपऱ्यांवर अंतर मोजलं. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागातच. दणकट बिजागरीचं हे श्रेय.

मग फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, तिथे फोटोफ्रेमची काच बसवली. तिचा एक पृष्ठभाग कार्बोरंडमच्या पुडीने घासून दुधी केलेला. दुधी बाजू लेन्सकडे. शटर बी वर उघडं, अ‍ॅपर्चर 4.5. डोक्यावर काळं कापड, डोळ्याला भिंग.

काचेवर सिंहगड उलटा दिसला. पुढची काच आट्यांवर किंचित फिरवत गेले. मनोऱ्याच्या रेषा पुसट, मग ठाम, मग पुन्हा पुसट. मधल्या जागी येऊन थांबले. 75 मिलिमीटरच्या लेन्ससाठी दहा मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा अनंतावरच्या प्रतिमेपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मागे पडते. एवढ्याशा जागेत दहा मीटर आणि सिंहगड यांच्यामधलं सगळं बसवायचं असतं. म्हणून इथे घाई चालत नाही.

जागा सापडल्यावर कडीची ‘अनंत’ खूण बाणासमोर आणली आणि तिन्ही ग्रब स्क्रू आळीपाळीने आवळले. सुईने केलेल्या जुन्या खुणेशी हे सगळं जवळपास जुळलं. कारखान्यातली मूळ जुळणी टिकून होती.

12 ऑक्टोबर, दसरा

पाटावर पेचकस, चिमटे, भिंग, कॅलिपर आणि कॅमेरा. हळदकुंकू फक्त हत्यारांना. कॅमेऱ्याजवळ आपट्याचं पान. पूजा हत्यारांची करतात ती त्यांनी वर्षभर काम केलं म्हणून आणि पुढेही करावं म्हणून. आज तो अर्थ मला जास्त जवळून कळला.

दुपारी रोल भरला. इल्फर्डची एफपी 4 प्लस, 125 ची. या फिल्मचा 120 हा आकार कोडॅकने 1901 मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला. आजही तो दुकानात मिळतो. याच रुंदीची पण वेगळ्या गुंडाळीची 620 ही फिल्म कोडॅकने 1930 च्या दशकाच्या तोंडावर आणली आणि 1995 मध्ये थांबवली. 620 चे कितीतरी चांगले कॅमेरे त्यामुळे कपाटात गेले. 120 टिकली, कारण स्टुडिओतले कॅमेरे ती सतत वापरत राहिले. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सनेही ‘इंदू’ या नावाने फिल्म बनवली. स्टुडिओवाल्यांच्या आठवणीत ते नाव अजून आहे.

मागच्या दारावर लाल खिडकी आहे. फिल्मच्या पाठीवरच्या कागदावरचे आकडे तिच्यातून वाचत फिल्म पुढे न्यायची. ही सोय निघाली तेव्हाच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे. आजच्या फिल्मला दिसतो. म्हणून आकडा वाचायचा तो सावलीत, आणि लगेच झाकण लावायचं.

आणखी एक पथ्य: कॅमेरा उघडताना भाता सावकाश ताणायचा. झटक्याने उघडला तर आतली हवा फिल्मला पुढे ओढते आणि ती सपाट राहत नाही. आधी कॅमेरा उघडायचा, मग फिल्म गुंडाळायची.

अंतराच्या पट्टीवर एक लाल ठिपका आहे, अ‍ॅपर्चरच्या पट्टीवरही. दोन्ही जुळवले की साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मी हिशेब करून पाहिला: एफ 11 ला दहा मीटरवर फोकस केलं की हेच उत्तर मिळतं. ज्यांना अंतराचा अंदाज येत नाही अशांसाठी कारखान्याने केलेली ही सोय.

20 ऑक्टोबर

रोल धुतला. डेव्हलपर डी-76, कोडॅकचं 1920 च्या दशकातलं मिश्रण, घरी कालवलेलं: लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम. नळाचं पाणी 27 अंशांवर होतं. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून 20 वर आणलं. साडेआठ मिनिटं, मग पाणी, मग हायपो.

निगेटिव्ह दोरीवर टांगून भिंगाने पाहिली. भाता गळत असता तर प्रत्येक चौकटीत साधारण त्याच जागी काळा डाग आला असता. लाल खिडकीतून उजेड शिरला असता तर डागात कधी कागदावरचा आकडाही उमटला असता. दोन्ही नाहीत. चौकटींमधल्या पट्ट्या काचेसारख्या स्वच्छ.

पर्वतीच्या पायऱ्या, एफ 11: कोपऱ्यापर्यंत स्पष्ट. मंडईतली भाजीवाली मावशी, एफ 4.5, सावलीत, 1/50: चेहरा नेमका, कडा मऊ. तीन काचांच्या लेन्सचं हे मोठ्या अ‍ॅपर्चरवरचं वागणं. व्यक्तिचित्राला मला ते फार आवडलं. 1/300 चा घनपणा 1/100 च्या शेजारी ठेवून पाहिला, तो अपेक्षेहून किंचित जास्त आहे. म्हणजे सर्वांत मोठा वेग थोडा संथ आहे. एवढी एक गोष्ट कॅमेऱ्याबरोबर लिहून द्यायची.

27 ऑक्टोबर

आत्याला मोठे प्रिंट पाठवले होते. आज तिचा फोन. पायऱ्यांच्या फोटोतल्या दगडाचा पोत पाहून ती म्हणाली, “अगं, हा असाच यायचा!” मग लगेच, “फिल्म मिळते ना अजून?”

चामड्याची केस आता वेगळी, उन्हात वाळवून. कॅमेरा हवेशीर कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या डब्यात. डब्यात एक कार्ड ठेवलं आहे, पुढे ज्याच्या हातात हा कॅमेरा जाईल त्याच्यासाठी:

काय केलं: लेन्स स्वच्छ, अंतराच्या कडीला नवं वंगण, शटर धुतलेलं, भात्याच्या दोन कोपऱ्यांवर ठिगळ, ‘अनंत’ सिंहगडावर जुळवलेलं.
काय राहिलं: एका काचेच्या कडेला बुरशीचा माग, 1/300 थोडा संथ.
काय करू नये: उशिरा सोडणारी कळ वापरू नये. पाकळ्यांना तेल लावू नये. ताण देऊन ठेवू नये.
काय करावं: महिन्यातून एकदा उघडून सगळे वेग चालवावेत, कडी टोकापासून टोकापर्यंत फिरवावी, भाता ताणून उजेडात ठेवावा. वर्षातून निदान एक रोल काढावा.

शेवटची सूचना मी ठळक अक्षरात लिहिली. बाकीचं सगळं त्याच एका सूचनेसाठी आहे. सत्तर वर्षांपूर्वी बनलेली ही वस्तू उघडता येते, धुता येते, जुळवता येते. स्क्रू आहेत, आटे आहेत, प्रत्येक भागाला काढायची आणि बसवायची जागा आहे. बनवणाऱ्यांनी आपली बाजू पूर्ण सांभाळली. आपल्याकडे उरतं ते तिला वापरात ठेवणं, आणि त्याला ना मोठी विद्या लागते, ना पैसा.

आत्या दिवाळीला पुण्याला येते आहे. दोन रोल आणून ठेवले आहेत. एक तिच्यासाठी, एक भाचीसाठी. तिला वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो काढायचे आहेत.